बिनतारी गेमिंग माउसची निवड

बिनतारी गेमिंग माउस हे संगणकावरील खेळांसाठी बनवलेले, तारेऐवजी रेडिओलहरींनी संगणकाशी जोडले जाणारे निर्देशक उपकरण होय. एकेकाळी शंभर ग्रॅमच्या पुढे असणारे त्याचे वजन आता साठ ग्रॅमच्या आसपास उतरले असून 'हलका', 'एर्गोनॉमिक' आणि 'बिनतारी' हे तीन शब्द त्याच्या वेष्टनावर बहुधा एकत्रच छापलेले असतात. यांपैकी वजन आणि जोडणीचा वेग आकड्यांत सांगता येतो. माउस हाताला बसतो की नाही, हे मात्र हातालाच कळते. आकडे पाहून घेतलेला महागडा माउस महिन्याभरात टेबलाच्या खणात जाऊन पडतो, तो बहुतेक वेळा याच कारणाने.

या लेखातील स्थानिक उदाहरणे ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील शहरांची आहेत. या पट्ट्यातील खरेदीदारासमोर स्थानिक दुकाने, मुंबईचा बाजार आणि ऑनलाइन विक्री असे तीन पर्याय असतात, आणि प्रत्येकात पारखण्याच्या गोष्टी वेगळ्या असतात.

इतिहास

डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ मध्ये माउसचा पहिला नमुना तयार केला. तो लाकडी ठोकळ्याचा होता. त्याला एक बटण होते आणि खाली परस्परांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. लॉजिटेकने १९९१ मध्ये रेडिओलहरींवर चालणारा माउस बाजारात आणला. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउस एक्सप्लोररने रबरी गोळ्याची जागा प्रकाशीय संवेदकाला दिली. त्याच वर्षी रेझरचा बूमस्लँग हा खेळाडूंसाठी म्हणून विकला जाणारा माउस आला. त्यात मात्र अजून गोळाच होता.

बिनतारी माउसविषयी खेळाडूंच्या मनात दीर्घकाळ अढी होती, आणि ती निराधार नव्हती. जुन्या बिनतारी माउसमध्ये हाताची हालचाल आणि पडद्यावरील हालचाल यांत जाणवण्याइतके अंतर पडे, शिवाय बॅटरीमुळे वजन वाढे. ही अढी मोडण्यास २०१८ मधील ८० ग्रॅमचा लॉजिटेक जी प्रो वायरलेस बराच कारणीभूत ठरला. त्याच सुमारास वजन घटवण्याची चढाओढ सुरू झाली. सुरुवातीला फायनलमाउस, ग्लोरियस आदी कंपन्यांनी कवचाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पाडून ते हलके केले. पुढे कवच पातळ ठेवून आणि आतील आधार कमी करून भोकांविनाही तेवढेच हलके माउस बनू लागले. २०२० च्या अखेरीस आलेला जी प्रो एक्स सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत होता. २०२२ मध्ये रेझरने डेथअ‍ॅडर व्ही३ प्रो हा उजव्या हाताच्या घडणीचा माउस सुमारे ६३ ग्रॅम वजनात आणला. 'एर्गोनॉमिक म्हणजे जड' हे समीकरण तेव्हापासून उरले नाही.

आकार आणि पकड

खेळांच्या बाजारात 'एर्गोनॉमिक' हा शब्द फार मर्यादित अर्थाने वापरला जातो. कार्यालयीन वापरासाठी हस्तांदोलनाच्या मुद्रेत धरायचे उभे माउस मिळतात; गेमिंग माउसच्या बाबतीत तो अर्थ अभिप्रेत नसतो. येथे एर्गोनॉमिक म्हणजे दोन्ही बाजूंनी असमान असलेला, डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरता, अंगठ्यासाठी खोलगट जागा असलेला माउस. असा माउस धरताना तळहात किंचित उजवीकडे कलतो आणि मनगट पूर्ण सपाट पिळले जात नाही. याउलट सममित माउस दोन्ही बाजूंनी सारखा असतो. त्यातही बाजूची बटणे बहुधा डावीकडेच असल्यामुळे तो डावखुऱ्यांना पूर्णपणे सोयीचा असतोच असे नाही. डाव्या हातासाठी घडवलेले बिनतारी माउस बाजारात अत्यल्प आहेत. डावखुऱ्या खरेदीदाराने म्हणूनच सममित आकारापासून सुरुवात करणे व्यवहार्य ठरते.

माउस धरण्याच्या तीन पद्धती मानल्या जातात. पहिलीत संपूर्ण तळवा माउसच्या पाठीवर टेकलेला असतो आणि बोटे बटणांवर पसरलेली असतात. दुसरीत तळव्याची फक्त मागील कड टेकते आणि बोटे पंजासारखी वाकलेली राहतात. तिसरीत तळवा टेकतच नाही. माउस केवळ बोटांच्या टोकांनी चालवला जातो. पहिल्या पद्धतीला लांब आणि भरीव पाठीचा माउस लागतो, दुसरीला मागच्या बाजूस फुगवटा असलेला, तर तिसरीला आखूड आणि बसका. उजव्या हाताच्या घडणीचे माउस मुख्यतः पहिल्या पद्धतीसाठी आणि काही अंशी दुसरीसाठी असतात. बोटांच्या टोकांनी माउस चालवणाऱ्याला तोच आकार अडचणीचा वाटतो, कारण त्याचा फुगवटा तळव्याखालची मोकळी जागा खाऊन टाकतो. आपली पद्धत कोणती हे बहुतेकांना विचारून सांगता येत नाही. घरच्या माउसवर अर्धा तास खेळल्यानंतर हात जागेवरून न हलवता त्याच्याकडे पाहिले की ती समजते.

हाताचे माप दोन ठिकाणी घ्यावे लागते: मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, आणि अंगठा वगळून बोटांच्या मुळाशी तळहाताची रुंदी. हौशी खेळाडूंमध्ये असा ठोकताळा रूढ आहे की माउसची लांबी हाताच्या लांबीच्या आणि पकडीच्या जागची त्याची रुंदी तळहाताच्या रुंदीच्या सुमारे साठ टक्के असावी. या ठोकताळ्याप्रमाणे १९ सेंटिमीटर लांब हाताला ११.४ सेंटिमीटर लांबीचा माउस येतो. प्रत्यक्षात तळवा टेकवून धरणारे त्याहून लांब माउस आनंदाने वापरतात. म्हणून हा नियम अगदीच विजोड आकार वगळण्यापुरता उपयोगी आहे, निवड करण्यासाठी नव्हे. तुलनेसाठी: लॉजिटेक जी३०४ ची लांबी सुमारे ११७ मिलिमीटर, जी प्रो एक्स सुपरलाइटची १२५ आणि डेथअ‍ॅडर व्ही३ प्रोची १२८ मिलिमीटर आहे. ११७ आणि १२८ मधील फरक कागदावर एका बोटाच्या रुंदीएवढाही नाही. हातात घेतल्यावर मात्र ती दोन निराळी उपकरणे वाटतात. उंचीही तितकीच महत्त्वाची. जी३०४ सुमारे ३८ मिलिमीटर उंच आहे, तर डेथअ‍ॅडर व्ही३ प्रो ४४ मिलिमीटर. तळव्याची पोकळी भरून काढण्याचे काम लांबीपेक्षा ही उंचीच करते.

शरीराची मापे देशागणिक आणि समूहागणिक बदलतात. भारतीयांच्या शरीरमापांचे संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांच्या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध केले. माउसचे उत्पादक मात्र एकाच साच्यातील वस्तू जगभर विकतात. एखाद्या परदेशी परीक्षकाने 'मध्यम' म्हटलेला माउस येथील खरेदीदाराला मोठा वाटला, तर त्यात नवल नाही. काही उत्पादक एकच आकार लहान आणि मोठा अशा दोन मापांत काढतात. असा पर्याय उपलब्ध असल्यास परीक्षणातील विशेषणापेक्षा मिलिमीटरचे आकडे पाहणे श्रेयस्कर.

आकार पारखताना अनामिका आणि करंगळी कोठे विसावतात हे सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षिले जाते. ही दोन बोटे उजव्या कडेवर असतात आणि माउस उचलून पुन्हा जागेवर ठेवण्याचे काम अंगठ्यासह तीच करतात. त्यांना पुरेशी जागा नसेल तर करंगळी गादीवर घासते, किंवा खेळाडू नकळत माउस घट्ट दाबून धरू लागतो. दुकानात माउस हाती घेतल्यावर बटणे दाबून पाहण्याचीच पद्धत आहे. त्याऐवजी तो दहा-वीस वेळा उचलून थोडा सरकवून ठेवावा. पकड चुकीची असेल तर अंगठ्याच्या मुळाशी ताण तेवढ्यात जाणवतो.

वजन

हलक्या माउसचा लाभ भौतिकशास्त्राच्या साध्या नियमांवर आधारलेला आहे. वस्तुमान कमी असले की तेवढ्याच बळाने माउस लवकर गती घेतो आणि लवकर थांबतो. गादीवरील घर्षणही वजनाच्या प्रमाणात घटते. माउस उचलून पुन्हा ठेवण्याचे कष्ट कमी होतात. तथापि हा लाभ एका मर्यादेनंतर झपाट्याने आक्रसतो. १०० ग्रॅमवरून ६५ ग्रॅमवर आलेला फरक कोणालाही जाणवतो. ६० वरून ५४ ग्रॅमवर आलेला फरक डोळे मिटून ओळखणे अवघड असते, आणि त्या सहा ग्रॅमसाठी कित्येकदा बॅटरी लहान किंवा कवच लवचीक करावे लागते. कवचाच्या दोन्ही बाजू अंगठ्याने आणि करंगळीने दाबल्यावर करकर आवाज येत असेल, किंवा दाबामुळे बाजूचे बटण आपोआप दाबले जात असेल, तर वजनातील ती बचत महाग पडली असे समजावे.

वजनाइतकेच महत्त्व त्याच्या वाटणीला आहे. सुटा सेल वापरणाऱ्या माउसमध्ये हा मुद्दा ठळकपणे दिसतो. जी३०४ मध्ये एक एए सेल बसतो आणि सेलसह त्याचे वजन सुमारे ९९ ग्रॅम भरते. एए आकाराचा अल्कलाइन सेल साधारण २३ ग्रॅमचा, तर त्याच आकाराचा पुनर्भारित न होणारा लिथियम सेल साधारण १५ ग्रॅमचा असतो. एएए आकाराचा अल्कलाइन सेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा असून तो प्लास्टिकच्या छोट्या नळकांड्यात घालून एएच्या जागी बसवता येतो. केवळ सेल बदलल्याने आठ ते दहा ग्रॅम वाचतात आणि मागच्या बाजूचा भारही कमी होतो. बाजारभावाने तीन हजार रुपयांच्या आसपास मिळणारा माउस आणि दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून वर जाणारा माउस यांतील अंतर विद्यार्थ्याला असे काही अंशी भरून काढता येते.

टेबलावरील जागा

वजनाचा प्रश्न टेबलाच्या लांबीरुंदीशी जोडलेला आहे, हे खरेदीच्या वेळी क्वचितच ध्यानात घेतले जाते. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या खेळांत अनुभवी खेळाडू संवेदनशीलता मुद्दाम कमी ठेवतात. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि ०.३ संवेदनशीलता ठेवली, तर खेळातील पात्राला स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेण्यासाठी माउस सुमारे ५४ सेंटिमीटर सरकवावा लागतो. मागे वळून पाहायचे तरी २७ सेंटिमीटर. एवढी हालचाल मनगटाने होत नाही. त्यासाठी कोपर आणि खांदा वापरावे लागतात. हलका माउस खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो येथे.

बदलापूर किंवा अंबरनाथच्या लहान सदनिकेत अभ्यासाचे आणि खेळाचे टेबल एकच असते, आणि पुष्कळदा ते ९० सेंटिमीटरहून लांब नसते. आकडेफलकासह पूर्ण कळफलक सुमारे ४४ सेंटिमीटर जागा घेतो. उरलेल्या ४६ सेंटिमीटरमध्ये कळफलकाच्या कडेपासूनचे अंतर, पाण्याची बाटली आणि वह्या गेल्या की माउसला जेमतेम ३० सेंटिमीटर मिळतात. आकडेफलक नसलेला कळफलक सुमारे ३६ सेंटिमीटरचा असतो. तो वापरल्यास माउसच्या वाट्याला आठ सेंटिमीटर जास्त येतात. अशा घरात ६० ग्रॅमच्या माउसपेक्षा कळफलक बदलल्याने किंवा तो तिरका ठेवल्याने खेळात अधिक फरक पडू शकतो. जागा वाढवणे शक्यच नसेल तर संवेदनशीलता वाढवून मनगटाने खेळावे लागते. त्या वेळी वजनापेक्षा माउसचा लहान आकार आणि नेमकी पकड जास्त कामाची ठरते.

टेबलाची उंचीही पाहावी. बसल्यावर कोपर साधारण काटकोनात वाकलेले आणि खांदे सैल असावेत. जेवणाच्या टेबलावर साध्या खुर्चीवर बसून खेळणाऱ्याचे खांदे वर चढतात. त्यासाठी खुर्चीवर उशी आणि पायांखाली पाट एवढाही उपाय पुरतो. उल्हासनगरचा फर्निचर बाजार परिसरात प्रसिद्ध आहे आणि तेथे मापाप्रमाणे टेबल बनवून घेता येते, ही या पट्ट्यातील खरेदीदाराची जमेची बाजू.

संवेदक

माउसच्या पोटातील संवेदक दर सेकंदाला पृष्ठभागाची हजारो सूक्ष्म छायाचित्रे घेतो आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून हालचाल ठरवतो. पिक्सआर्ट या तैवानी कंपनीचे संवेदक अनेक उत्पादक वापरतात. त्यांपैकी पीएडब्ल्यू ३३९५ ची कमाल क्षमता २६,००० डीपीआय आहे. हा आकडा वेष्टनावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो आणि सर्वांत कमी कामाचा असतो. २६,००० डीपीआयवर १,९२० बिंदू रुंदीचा पडदा ओलांडायला माउस दोन मिलिमीटरही सरकवावा लागत नाही. कोणाचाही हात इतका स्थिर नसतो. बहुसंख्य खेळाडू ४०० ते १,६०० च्या दरम्यान राहतात. नामांकित कंपन्यांच्या चालू पिढीतील माउसमध्ये संवेदक हा निवडीचा निकष उरलेला नाही. अपरिचित नावाच्या अतिस्वस्त माउसवर संवेदकाचे नावच दिलेले नसेल, तर मात्र सावध राहावे.

बिनतारी जोडणी

बिनतारी माउसची जोडणी दोन प्रकारची असते. पहिली सोबतच्या छोट्या रिसीव्हरमार्फत, २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात, दुसरी ब्लूटूथने. खेळासाठी पहिलीच वापरावी. ब्लूटूथवर माउस संगणकाला कमी वेळा माहिती पाठवतो. त्याचा उपयोग लॅपटॉपवरील अभ्यासापुरता आणि बॅटरी वाचवण्यापुरता. रिसीव्हरवरील नेहमीचा दर सेकंदाला १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा असतो. अलीकडे ४,००० आणि ८,००० दराचे माउस आले आहेत. ८,००० दरावर हे अंतर ०.१२५ मिलिसेकंद होते. ज्याचा पडदा ६० हर्ट्झचा आहे त्याला मात्र नवे चित्रच सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी दिसते, आणि ऑनलाइन खेळात इंटरनेटच्या मार्गावर जाणारा वेळ निराळा. त्यामुळे एक मिलिसेकंदाहून सूक्ष्म सुधारणेसाठी मोजलेले पैसे वेगवान पडदा आणि चांगला संगणक असेल तरच कारणी लागतात. वाढीव दराने बॅटरीही झपाट्याने उतरते.

२.४ गिगाहर्ट्झ हा पट्टा वाय-फाय, ब्लूटूथ आणि इतर अनेक उपकरणे वाटून घेतात. उल्हासनगरचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या पाच लाखांहून अधिक होती. अशा दाट वस्तीत शेजारपाजारच्या घरांतील वाय-फायची गर्दी मोठी असते. पडद्यावरील निर्देशक मधेच अडखळू लागला तर माउस सदोष आहे असे लगेच मानू नये. संगणकाच्या मागच्या बाजूस खोचलेला रिसीव्हर सोबत मिळणाऱ्या जोडतारेने पुढे आणून माउसपासून वीस-तीस सेंटिमीटरवर ठेवावा. निळ्या यूएसबी ३ सॉकेटपासून आणि तेथे जोडलेल्या बाह्य डिस्कपासून तो दूर असावा. यूएसबी ३ च्या वहनातून याच पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवून दिले आहे. घरातील राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असल्यास संगणक त्यावर न्यावा. एवढ्याने अडखळणे बहुधा थांबते.

बॅटरी आणि बटणे

अंगभूत लिथियम बॅटरीचे माउस एका भारणात साधारण ७० ते ९५ तास चालतात, तर जी३०४ सारखा सुट्या सेलचा माउस एका एए सेलवर २५० तासांपर्यंत चालतो असा उत्पादकाचा दावा आहे. अंगभूत बॅटरी काही वर्षांनी क्षीण होते आणि ती बदलण्यासाठी माउस उघडावा लागतो. त्यासाठी तळाचे घसरपट्टे काढावे लागतात व ते पुन्हा नीट चिकटत नाहीत. सुट्या सेलच्या माउसला हे दुखणे नाही. भारणाचे सॉकेट टाइप-सी आहे ना, हेही विचारावे. सुपरलाइटच्या पहिल्या आवृत्तीत जुने मायक्रो-यूएसबी होते, २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत टाइप-सी आले. दुकानात मात्र दोन्ही शेजारी शेजारी दिसू शकतात.

बटणाखालील सूक्ष्म स्विच हा माउसचा सर्वांत आधी बिघडणारा भाग. धातूच्या पातळ पट्टीच्या स्पर्शावर चालणाऱ्या स्विचमध्ये स्पर्शबिंदू झिजला किंवा त्यावर ऑक्साइडचा थर बसला की एकदा दाबलेले बटण दोनदा नोंदले जाते. दमट हवा या थराला पोषक असते, आणि कोकणपट्टीत तिची वाण नाही. प्रकाशकिरण अडवून चालणाऱ्या स्विचमध्ये हा दोष संभवत नाही. रेझरने २०१९ पासून ते वापरात आणले. स्पर्शाची गुणवत्ता ज्याच्या त्याच्या आवडीची, पण हमीचा काळ संपल्यावरही माउस वापरायचा असेल तर प्रकाशीय स्विचला झुकते माप द्यावे. पारंपरिक स्विच बदलता येतो. डिंक-डाग लावण्याचे साधे काम जमणारा मोबाइल-दुरुस्तीवाला तो बदलू शकतो. स्विचची किंमत किरकोळ असते.

प्रकृतीविषयक बाबी

हलका किंवा एर्गोनॉमिक माउस हा मनगटाच्या दुखण्यावरील उपचार नव्हे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येणे हे मनगटातील मध्यवर्ती मज्जातंतूवर दाब येत असल्याचे लक्षण असू शकते. करंगळी आणि अनामिका बधिर होणे हे कोपराच्या बाजूच्या दुसऱ्या मज्जातंतूशी संबंधित असते. टेबलाच्या धारदार कडेवर मनगट किंवा कोपर टेकवून तासन्‌तास बसणे दोन्हींना निमंत्रण देते. रात्री झोपेत मुंग्या येऊन जाग येत असेल किंवा वस्तू हातातून निसटू लागली असेल, तर माउस बदलण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. तरुण खेळाडू दुखण्याचा संबंध माउसच्या किमतीशी जोडतात आणि महिनोन्‌महिने दवाखाना टाळतात. सहा ग्रॅमच्या फरकापेक्षा दर तासाला पाच मिनिटांची उसंत मनगटाला अधिक मानवते.

उल्हासनगर–बदलापूर पट्ट्यातील खरेदी

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कापड, फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू यांच्या व्यापारासाठी हे शहर ओळखले जाते. येथील 'मेड इन यूएसए' मधील यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. विनोद जुना झाला तरी वेष्टन वाचून घेण्याची सवय त्याने लावली असेल, तर ती आजही उपयोगी आहे.

स्थानिक दुकानांत कार्यालयीन वापराचे माउस मुबलक मिळतात. वरच्या श्रेणीतील हलके गेमिंग माउस सर्वत्र नसतात, आणि असले तरी सीलबंद खोक्यात. मुंबईतील डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला लॅमिंग्टन रोड, हा संगणकाच्या सुट्या भागांचा जुना बाजार ग्रँट रोड स्थानकाजवळ आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. दादरला गाडी बदलून तेथे जाण्यात दिवस मोडतो. तरीही नमुना हाताळू देणारे दुकान सापडले तर तो दिवस वाया जात नाही. दुसरा मार्ग गेमिंग कॅफेचा. तेथे तासाचे पैसे देऊन माउस प्रत्यक्ष खेळात वापरता येतो आणि आकाराचा अंदाज दुकानापेक्षा चांगला येतो. मित्राचा माउस दोन दिवस उसना घेणे याहून उत्तम. हे काहीच शक्य नसेल तर माउसची लांबी, रुंदी आणि उंची कागदावर काढून, जुन्या साबणाच्या वडीला किंवा मुलांच्या मातीच्या गोळ्याला तेवढा आकार देऊन पाहण्याची युक्ती काही जण करतात. हसण्यासारखी वाटली तरी ती फुगवट्याचा अंदाज देते.

ऑनलाइन खरेदीत परताव्याची अट आधी वाचावी. संगणकाच्या अनेक वस्तूंवर केवळ 'बदली' मिळते, तीही दोष असल्यास. आकार हाताला बसला नाही हा दोष धरला जात नाही.

बिल, हमी आणि तक्रार

वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहकसेवेचा संपर्क छापलेला असावा लागतो. हे लेबल नसलेला माउस बनावट असेलच असे नाही. तो परभारे आणलेला अस्सल मालही असू शकतो. पण अशा मालावर भारतातील हमी सहसा मिळत नाही. दुकानदार 'बिलाविना कमी भाव' देऊ करतो तेव्हा खरेदीदार अठरा टक्के वस्तू व सेवा कर वाचवत असल्याचे समजतो. प्रत्यक्षात तो हमीही सोडून देत असतो. बिलावर जीएसटी क्रमांक, नमुन्याचे नाव आणि शक्य असल्यास अनुक्रमांक लिहून घ्यावा. खोक्यावरील आणि माउसच्या तळावरील अनुक्रमांक जुळतो का, हे दुकानातच पाहावे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे विक्री-मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची असते आणि महिन्याभरात निवारण करावयाचे असते. तेवढ्याने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, विक्रेता कोठलाही असो. त्यामुळे बदलापूरच्या ग्राहकाला दिल्ली किंवा बंगळुरूच्या विक्रेत्याविरुद्ध ठाणे जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना शुल्क नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

निकामी माउसची विल्हेवाट

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांच्या कक्षेत संगणकाची आदान उपकरणे येतात, तर आतील बॅटरीला बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू होतात. अंगभूत लिथियम बॅटरी असलेला माउस घरच्या कचऱ्यात टाकल्यास ती चिरडली जाऊन पेट घेण्याचा धोका असतो. कवच फुगलेले किंवा सांध्यात उघडलेले दिसल्यास माउस भारणाला लावू नये, बॅटरी टोचून काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि तो नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे वेगळ्या पिशवीत द्यावा. सुट्या सेलच्या माउसमधून सेल आधी काढून घ्यावा. बराच काळ न वापरलेल्या माउसमध्ये राहिलेला अल्कलाइन सेल पाझरून धातूच्या पट्ट्या खातो. पट्टीवर आलेला पांढरा थर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसून कोरडा केल्यास असा माउस अनेकदा पुन्हा चालू होतो.